विषाणू घडवणारे हात

(वडूज येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



वडूजमध्ये स्मृतिव्याख्यानाला उभं राहायचं म्हणजे आधी ९ सप्टेंबर १९४२ ची आठवण करायची. इथल्या मामलेदार कचेरीवर निघालेला मोर्चा, त्याच्या अग्रभागी परशुराम घार्गे, आणि समोरून झालेला गोळीबार. त्या नऊ हुतात्म्यांना वंदन करते आणि विषयाकडे वळते.

मला आज विषाणूंबद्दल बोलायचं आहे. विषाणूपासून वाचायचं कसं, हे नाही सांगणार. ते करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकलं. मी बोलणार आहे विषाणू मुद्दाम बनवण्याबद्दल. माझी रोजची नोकरीच ती आहे. विषाणू बनवायचा, त्यात आपल्याला हवं ते जनुक भरायचं आणि त्याच्याकरवी ते माणसाच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींत पोचवायचं. या कामातून रक्ताच्या कॅन्सरवरचा एक नवा उपचार उभा राहिला आहे. त्याला कार-टी सेल उपचार म्हणतात. भारतात तो पहिल्यांदा तयार झाला मुंबईत पवईला आणि नवी मुंबईत खारघरला.

तुम्ही म्हणाल, बाई, खटाव तालुक्यात पाण्याचं बोला, जिहे-कठापूरचं बोला, बटाट्याच्या भावाचं बोला. हे प्रयोगशाळेतलं इथं कशाला? सांगते. ज्या विषाणूचं आम्ही वाहन केलं आहे, तो इथल्या माणसांना चांगला माहीत आहे. त्याचं नाव एचआयव्ही.

नाव ऐकताच सभागृह शांत झालं. अजूनही होतं. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना १९९० नंतरची वर्षं आठवत असतील. गावातला एखादा तरणाताठा मुलगा खंगत जायचा. घरचे टीबी म्हणायचे, कावीळ म्हणायचे, खरं नाव कुणी घ्यायचं नाही. मागं राहिलेल्या सुनेला धड सासर उरायचं नाही, धड माहेर. तिची ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं. मयताला माणसं जमायची नाहीत. शेजारच्या सांगलीत १९९२ पासून मीना शेषू आणि त्यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं या भीतीशी जो सामना केला, तो आपल्या भागाच्या इतिहासात ठळक लिहिला जायला हवा. ज्या बायकांना समाज रोगाचं घर म्हणत होता, त्या गोकुळनगरच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनीच रोग रोखायचं काम अंगावर घेतलं आणि पुढं स्वतःची संघटना उभी केली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला १९८६ साली, मद्रासमध्ये. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आपल्याकडे हा रोग नाहीच, हा परदेशातला रोग, असं भलेभले म्हणत होते तेव्हा त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला तपासायला लावलं. निर्मलानं रक्ताचे नमुने जमवले आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले. सहा नमुन्यांत तो विषाणू निघाला.

या माणसांची नावं मी आधी घेतली, त्याला कारण आहे. एचआयव्हीबद्दल जगाला जे काही कळलं, ते रुग्णांच्या रक्तातून कळलं. मेलेल्यांच्या आणि मरू घातलेल्यांच्या. त्या ज्ञानावर आज कॅन्सरचे रुग्ण बरे होत आहेत. हे ऋण मोठ्यानं बोलून मान्य करायला हवं, आणि ते सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात मान्य करणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता त्या विषाणूकडे जवळून पाहू. एचआयव्ही करतो काय? आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगप्रतिकारशक्तीचा बराचसा भार त्यांच्यावर. एचआयव्ही नेमका त्यांच्यात शिरतो. आत गेल्यावर आपल्या आरएनएचं डीएनए करतो आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा बसवून टाकतो. पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत तो आहेच. म्हणून तर एड्सवर औषध घेत राहावं लागतं. बसलेला विषाणू मुळातून निघत नाही.

भयंकर आहे ना? पण आता उलटा विचार करा. टी पेशीत शिरायचं, तिच्या जनुकांमध्ये नवं जनुक घालायचं, आणि ते कायम टिकेल असं बसवायचं. नेमकं हेच एखाद्या डॉक्टरला करायचं असेल तर? कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीनं ही करामत ज्या विषाणूंच्या घराण्याला शिकवली आहे, त्यांच्याकडून ती घ्यायची आणि रोग तेवढा काढून टाकायचा. हे जमेल का?

१९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये लुइजी नाल्दिनी, दिदिए त्रोनो आणि भारतीय वंशाचे इंदर वर्मा यांच्या चमूनं दाखवलं, की जमतं. एचआयव्हीची अवघी नऊ जनुकं. त्यातली रोग पसरवायला लागणारी पुढच्या काही वर्षांत एकेक करून काढून टाकली गेली. बांधणीला लागणारी तीनच उरवली आणि तीही एकत्र ठेवली नाहीत, डीएनएच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर वाटून दिली. त्यामुळे तयार होणारा कण पेशीत एकदा शिरतो, आपल्याजवळचं जनुक बसवतो आणि संपतो. त्याला पिल्लं होत नाहीत. त्याचं बाहेरचं आवरणही एचआयव्हीचं नाही. ते घेतलं आहे अमेरिका खंडात गुरं आणि घोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूचं. आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुताशी त्या रोगाची लक्षणं मिळतीजुळती, विषाणू मात्र निराळा. त्याचं आवरण का घेतात? एक तर ते दणकट. गाळलं, फिरवलं, गोठवलं तरी टिकतं. दुसरं म्हणजे ते नाना प्रकारच्या पेशींना चिकटतं. गुरांच्या विषाणूचा अंगरखा, एचआयव्हीची करामत आणि मधे आपलं जनुक. याला आम्ही लेंटिव्हायरल व्हेक्टर म्हणतो. मराठीत वाहक विषाणू म्हणू.

यात भरायचं जनुक कुठलं? टी पेशी कॅन्सरला मारू शकतात, पण कॅन्सरची पेशी आपल्याच घरातली असल्यानं ती त्यांना पुष्कळदा ओळखू येत नाही. १९८९ मध्ये इस्राएलच्या वाइझमान इन्स्टिट्यूटमधल्या झेलिग एशहार यांनी अँटिबॉडीचा ओळखणारा भाग टी पेशीच्या यंत्रणेला जोडून दाखवला. कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, म्हणजे कार, तो हा. बी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे काही प्रकारच्या ल्यूकेमियात आणि लिम्फोमात, रोगट पेशीच्या अंगावर सीडी-१९ नावाचं प्रथिन असतं. ते ओळखणारा रिसेप्टर टी पेशीवर आला, की टी पेशी तिला शोधून मारते. जनुक टी पेशीत कायमचं बसल्यामुळे ती दुभंगते तेव्हा तिच्या लेकींनाही तीच ओळख मिळते. औषध म्हणून दिलेली पेशी शरीरात वाढते. असं औषध याआधी कुठं होतं?

पण हा रस्ता सरळ नव्हता. १९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीच्या टी पेशींमध्ये विषाणूकरवी जनुक घालून त्या तिला परत देण्यात आल्या. माणसावरचा या जातीचा तो पहिला अधिकृत उपचार. पुढं पॅरिसमध्ये आलँ फिशर यांच्या चमूनं प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांना असाच उपचार दिला. मुलं बरी झाली, काचेआडचं आयुष्य संपवून घरी गेली. आणि मग त्यांतल्या काहींना ल्यूकेमिया झाला. वाहक विषाणूनं जनुक बसवलं ते नको त्या ठिकाणी, पेशीची वाढ चेतवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. तो वाहक उंदराच्या ल्यूकेमिया विषाणूपासून केलेला होता. आज वापरतो तो त्याहून सुरक्षित आहे, पण म्हणून कुणी निर्धास्त नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ मध्ये कार-टी औषधांवर याच धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. प्रमाण फार कमी आहे. तरी रुग्णाला ते सांगायलाच हवं.

२०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांच्या चमूनं घडवलेल्या कार-टी पेशी सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला दिल्या गेल्या. तिचा ल्यूकेमिया दोनदा उलटला होता. पेशी दिल्यावर तिला असा ताप भरला, की ती वाचेल असं कुणाला वाटेना. तपासणीत इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन अफाट वाढलेलं दिसलं. जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ रोखणारं एक संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. टोसिलिझुमॅब. ते दिलं आणि ताप उतरला. आज जगभर कार-टी देताना ते औषध उशाशी तयार ठेवतात. २०१७ मध्ये हा उपचार अमेरिकेत मंजूर झाला. तेव्हा एका वेळेची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, आणि इस्पितळाचा खर्च वेगळा. आपल्या पैशात हे सगळं तीन-चार कोटींच्या घरात जातं.

तीन-चार कोटी! वडूजच्या बाजारपेठेतल्या किती घरांना हा आकडा पेलेल? इथंच माझा खरा मुद्दा सुरू होतो. एवढी किंमत येते कुठून? सोनं घातलंय का त्यात? ही किंमत मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: विषाणू कोण बनवतो, पेशी कोण वाढवतो, कुठं आणि कुठल्या हातांनी.

म्हणून ते काम कसं चालतं हे मला तुम्हाला दाखवायचं आहे. यावर मी थोडी रेंगाळणार आहे; संयोजकांनी घड्याळ बघू नये.

विषाणू शेतात पिकत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यासाठी आम्ही २९३ नावाच्या पेशी वापरतो. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झालेला हा पेशींचा वाण. प्रयोगाचा क्रमांक होता २९३, तेच नाव पडलं. या पेशी चपट्या बाटल्यांत, ३७ अंशांवर, गुलाबी-लाल द्रवात तळाला चिकटून वाढतात. त्या द्रवाला आम्ही मीडिया म्हणतो. पेशी वाढल्या, की मीडिया पिवळट पडत जातो. नव्या मुलीला पहिल्यांदा शिकवते ते हेच: यंत्राकडे जायच्या आधी बाटली उजेडात धर आणि रंग बघ. पिवळा पण नितळ असेल तर पेशी भुकेल्या आहेत. पिवळा आणि गढूळ असेल तर जिवाणू शिरलेत, सगळं फेकून द्यायचं.

पेशींनी बाटलीचा तळ साधारण तीन-चतुर्थांश व्यापला, की डीएनएचे ते वेगवेगळे चार तुकडे ठरल्या प्रमाणात मिसळून त्यांना द्यायचे. हे हळू, थेंबाथेंबानं. २९३ पेशी तळाला सैल धरून असतात, धार जोरात सोडली तर पापुद्रा सुटून येतो. दोन-तीन दिवसांत त्या विषाणूचे कण मीडियात सोडायला लागतात. तो मीडिया काढायचा, गाळायचा, अतिवेगानं फिरवून किंवा चाळणीसारख्या पडद्यांतून काढून शुद्ध करायचा, आणि उणे ८० अंशांवर ठेवायचा.

इथं मला आपल्या गलाईवाल्यांची आठवण होते. खटाव, खानापूर, आटपाडीतून निघून देशभर पसरलेली आपली माणसं. सराफाच्या कचऱ्यातून, मातीतून, कानशीच्या चुऱ्यातून ती सोनं वेगळं करतात. पण गलाईवाल्याची पत ठरते ती शेवटी टंच किती निघाला यावर. आमचंही तसंच आहे. मीडियात विषाणू आहे म्हणून भागत नाही. मेलेल्या पेशींचा गाळ आहे, रिकामी आवरणं आहेत, जनुक नसलेले कण आहेत. एका मिलिलिटरमध्ये खरोखर काम करणारे कण किती, हे काढावं लागतं. त्याला टायटर म्हणतात. टायटर चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

का? विषाणू कमी पडला, तर पुरेशा टी पेशींत जनुक जात नाही आणि औषध पांगळं होतं. जास्त घातला, तर एकेका पेशीत जनुकाच्या अनेक प्रती बसतात. जितक्या जास्त प्रती, तितकी नको त्या जागी बसण्याची भीती. म्हणून एका पेशीमागं सरासरी प्रतींची मर्यादा पाळतात, साधारणपणे पाचच्या आत.

तिकडं रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढलेल्या असतात. डेंग्यूत दात्याच्या रक्तातून प्लेटलेट काढून बाकी रक्त परत देणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. त्याच यंत्रावर हे होतं. त्यातल्या टी पेशी वेगळ्या करून आधी चेतवायच्या, कारण झोपलेली टी पेशी विषाणूला सहजी आत घेत नाही. मग विषाणू द्यायचा, आणि आठवडा-दीड आठवडा त्या वाढवायच्या. नंतर चाचण्या. जिवाणू आहेत का, बुरशी आहे का, मायकोप्लाझ्मा आहे का, एंडोटॉक्सिन आहे का. आणि सर्वांत महत्त्वाची: वाढू शकणारा विषाणू चुकून तयार झाला नाही ना? सगळ्या उत्तरांवर सह्या झाल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. रुग्णाला तीन दिवस केमो देऊन त्याच्या रक्तात जागा करतात आणि पेशी शिरेतून देतात. देण्याचं काम अर्ध्या तासात उरकतं.

ही पिशवी फक्त त्या एका रुग्णाची असते. ती बिघडली तर दुसरी कपाटात नसते. बऱ्याचदा त्या रुग्णाकडे पुन्हा पेशी द्यायला ताकद आणि वेळही नसतो. हुडखाली, म्हणजे जंतुविरहित हवेच्या पेटीत, हात घालून बसलेल्या मुलीला त्याचं नाव माहीत नसतं, नुसता क्रमांक माहीत असतो. तरी त्या कामाचं ओझं तिला कळतं. मी ते तिच्या खांद्यांवर पाहिलं आहे.

हे हातांचं काम मुंबईत अचानक उगवलं नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचं नाव इथल्या किती मुलींना माहीत आहे? हात वर करा. मला दिसतंय, फार नाहीत. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम सुरू केलं. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या गेल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी पहिल्यांदा वाढवणारे ते हेच गाय. प्रयोगशाळेत पेशी जगवण्याचं तंत्र त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. ते तंत्र कमलताईंनी शिकून घेतलं, परत आल्या आणि भारतातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरमधला विषाणूंचा वाटा त्यांनी अभ्यासला. विषाणू, पेशी आणि कॅन्सर हे तिन्ही धागे त्यांच्या टेबलावर तेव्हाच होते. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांनी जिथं काम केलं त्या संस्थेचा वारसा आज टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात चालू आहे, आणि भारतातला पहिला कार-टी उपचार ४ जून २०२१ रोजी तिथंच दिला गेला.

त्यामागची हकीकत थोडक्यात सांगते. राहुल पुरवार अमेरिकेतलं काम सोडून २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत आले. टाटा मेमोरियलमधले डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला त्यांच्याबरोबर उभे राहिले. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर अशा तरुण संशोधकांनी प्रयोगशाळेतलं काम सांभाळलं. चमूतले काही जण अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पेशी तयार करायची रीत शिकून आले, शंका विचारत राहिले, पण रिसेप्टर स्वतः घडवला. मूळ रिसेप्टरमधला ओळखणारा भाग उंदराच्या अँटिबॉडीचा. यांनी तो माणसाच्या प्रथिनाच्या जवळ जाईल असा बदलला. वाहक विषाणूही विकत न आणता स्वतः बनवायला घेतला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्यानं आणि त्याच्या बायरॅक या संस्थेनं चाचणीसाठी १९ कोटी १५ लाख रुपये दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत या उपचाराचं, ‘नेक्सकार-१९’चं, लोकार्पण झालं.

किंमत? तीस ते चाळीस लाख. अमेरिकेच्या एक दशांश. ही सवलत नाही, दानधर्म नाही. विषाणू इथं बनला, पेशी इथं वाढल्या, हात इथले होते, म्हणून किंमत उतरली.

आणि हे आपण दुसऱ्यांदा पाहतो आहोत. पहिल्यांदा पाहिलं ते एचआयव्हीच्याच बाबतीत. २००० च्या सुमाराला तीन औषधांचा वर्षाचा खर्च परदेशी कंपन्यांच्या दरानं दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं ती मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या गावांतली जी माणसं आज औषध घेऊन शेत करतात, नातवंडं खेळवतात, ती त्यामुळे आहेत. किंमत कुणाच्या दयेनं उतरत नाही, आपण वस्तू बनवायला शिकलो की उतरते.

आता उणी बाजू. ती सांगितली नाही तर माझं व्याख्यान जाहिरात होईल, आणि हॉलमध्ये बसलेल्या एखाद्या घरात आजारी माणूस असेल तर त्याची फसवणूक होईल.

हा उपचार सगळ्या कॅन्सरवर नाही. स्तन, तोंड, फुप्फुस, आतडं यांच्या गाठींवर तो अजून चालत नाही. गाठीत टी पेशी नीट शिरत नाहीत आणि तिथं सीडी-१९ सारखी सोयीची खूण सापडलेली नाही. नेक्सकार-१९ मंजूर आहे बी पेशींच्या ल्यूकेमिया आणि लिम्फोमासाठी, पंधरा वर्षांवरच्या रुग्णांना, आणि आधीचे उपचार थकल्यावर. तोही सगळ्यांना लागू पडत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. परिणाम मोजता आला त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांत रोग हटला किंवा बराच कमी झाला. उपचारामुळे दोघांचा मृत्यू झाला. हटलेला रोग काहींमध्ये परत येतो. चेतासंस्थेवरचा त्रास मात्र परदेशी औषधांच्या मानानं कमी दिसला, ही मोठी जमेची बाजू.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांसाठी आणि घरच्यांसाठी. या उपचारानंतर रुग्णाच्या रक्तात वाहक विषाणूच्या जनुकांचे अवशेष राहतात. त्यामुळे एचआयव्हीची एका जातीची चाचणी, जनुक शोधणारी, चुकीनं पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या माणसाला एचआयव्ही झालेला नसतो. पण एखाद्या छोट्या गावातल्या लॅबमध्ये असा कागद हाती पडला तर काय होईल, हे आपल्या भागाला सांगायला नको. म्हणून कार-टी घेतल्याची नोंद रुग्णानं कायम जवळ बाळगावी, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आधी ती दाखवावी.

आणि तीस लाखसुद्धा तीस लाखच असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांचं. माणदेश-खटावातला शेतकरी जमीन विकेल तेव्हाच ही रक्कम उभी राहील. त्यात मुंबईत राहायची सोय, सोबतचा माणूस, त्याची बुडालेली मजुरी. किंमत एक दशांश झाली याचा मला अभिमान आहे. ती आणखी एक दशांश व्हायला हवी, आणि हे होईपर्यंत काम झालं असं कुणी म्हणू नये.

ती कशी होईल? स्पर्धा येते आहे. भारतातलं दुसरं कार-टी औषध, बंगळूरच्या इम्युनील कंपनीचं, २०२५ मध्ये आलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं लेंटिव्हायरल वाहक वापरून हिमोफिलियाच्या रुग्णांवर काम केलं आहे. पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती एका वेगळ्या वाटेची. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. वाहक विषाणू थेट शिरेतून द्यायचा, आणि त्यानं शरीरातच टी पेशी शोधून जनुक घालायचं. २०२५ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या चार रुग्णांवर असा प्रयत्न प्रसिद्ध केला. चारच रुग्ण, त्यावरून काही ठरत नाही, आणि धोके नवे आहेत: विषाणू भलत्या पेशीत गेला तर? पण जमलं, तर एकेका रुग्णाची वेगळी पिशवी, तिची वेगळी खोली, आठवड्यांची वाट, हे सगळं जाईल. एकाच भट्टीतला वाहक शेकडो रुग्णांना चालेल. थंड डब्यातून तो कराडला पाठवता येईल, साताऱ्याला पाठवता येईल. मग सगळा भार कशावर येईल? पुन्हा विषाणू बनवणाऱ्यांवर. आजच्यापेक्षा कितीतरी जास्त.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, पोरीला मायक्रोबायॉलॉजीला घातली. सगळे म्हणतात डीएड करायला हवं होतं. पुढं काय करायचं तिनं?” त्यांना तिथं घाईत उत्तर दिलं, इथं सगळ्यांसमोर देते. ताई, बीएस्सी पूर्ण करू द्या. मग एमएस्सीला मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी, आणि शेवटच्या सहा महिन्यांचा प्रोजेक्ट जिथं पेशी वाढवतात अशाच ठिकाणी करायला सांगा. पुणे, मुंबई, बंगळूर, कुठंही. विद्यावेतन कमी मिळेल, पहिली दोन वर्षं खोलीभाडं भागवताना जीव मेटाकुटीला येईल, घरून थोडा आधार द्यावा लागेल. इंग्रजी अडखळत असलं तरी चालतं, ते वर्षभरात येतं. निवडीच्या वेळी आम्ही तिला हुडसमोर बसवतो, पिपेट हातात देतो आणि बाटलीतला मीडिया बदलायला सांगतो. पापुद्रा न सुटता तिनं तो बदलला, झाकण कुठं ठेवलं, कसं ठेवलं, हे आम्ही बघतो. त्यानंतर तिला गाव विचारतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि आधी मागच्या रांगेतल्या मुलींचे.